पाठभेद

गोव्यात मराठी संशोधक अ. का. प्रियोळकरांचं नाव निघतं ते बहुतेक भांडणात. कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद पेटला की एक बाजू त्यांना पुढे करते आणि दुसरी त्यांच्यावर तुटून पडते. पोर्तुगीज काळातल्या इन्क्विझिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयावर, कुणी चार ओळी लिहिल्या की त्यांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मोबाइलवर फिरायला लागतं. पुस्तक उघडलेलं असतंच असं नाही. दोन्ही ठिकाणी नाव मोठं असतं, पण माणूस कुठे दिसत नाही. तो रोज काय करत होता, कसा करत होता, हे कुणी विचारत नाही.

मी फोंड्याकडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. इतकी वर्षं माझ्या हाताशी राहिले ते भांडणातले प्रियोळकर नव्हेत. एका कवितेच्या सात-आठ हस्तलिखितांतली एकच ओळ घेऊन बसणारे, आणि 'कवीने खरोखर काय लिहिलं होतं?' एवढाच प्रश्न धरून ठेवणारे प्रियोळकर मला उपयोगी पडत आले. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

अनंत काकबा प्रियोळकर यांचा जन्म ५ सप्टेंबर १८९५ चा, गाव प्रियोळ. म्हणजे आमचा अंत्रूज महाल, आजचा फोंडा तालुका. मंगेशीचं देऊळ याच गावात आणि म्हार्दोळची म्हाळसा हाकेच्या अंतरावर. बाहेरून येणाऱ्यांना ही देवळं इथलीच, आदिकाळापासूनची वाटतात. पण मंगेश कुठ्ठाळीहून आला आणि म्हाळसा वेरण्याहून. सोळाव्या शतकात सासष्टीत देवळं पाडली जात होती आणि अंत्रूज अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलेलं नव्हतं. भक्तांनी देव उचलले, नदी ओलांडली आणि इकडच्या डोंगरांच्या आडोशाला आणून ठेवले. अंत्रूजवर पोर्तुगीजांचा अंमल आला तो पुढे दोनशे वर्षांनी, १७६३ च्या सुमारास. ज्याच्या गावातल्या देवांनाच घर सोडावं लागलं, त्या मुलाने मोठेपणी हरवलेल्या कागदांच्या मागे जावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्या काळच्या गोव्यातल्या हिंदू घरात मराठी कशी होती हे महाराष्ट्रातल्या वाचकाला थोडं समजावून सांगायला हवं. कचेरीत पोर्तुगीज. चुलीपुढे, शेतात, भांडणात, लाडात कोंकणी. आणि देवापुढे मराठी. पोथी मराठी, कीर्तन मराठी, भजन मराठी, चवथीची घुमट आरती मराठी, पत्र आणि जमाखर्चही मराठीत. सरकारचा या मराठीला काडीचा आधार नव्हता. ती टिकली ती देवळांमुळे, पंतोजींच्या शाळांमुळे आणि वह्यांमुळे. पुढचं शिकायचं तर घाट चढण्याशिवाय गत्यंतर नसे. प्रियोळकर धारवाडला गेले, १९२३ साली बी. ए. झाले, काही काळ शिक्षकी केली आणि मग मुंबईला जाऊन महापालिकेत नोकरीला लागले.

महापालिकेतली नोकरी, हे त्यांच्या चरित्रातलं एक वाक्य म्हणून येतं आणि वाचणारा पुढे जातो. मी तिथे थांबते. १९३५ साली त्यांनी रघुनाथ पंडितांच्या 'दमयंती-स्वयंवरा'ची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा ते कुठल्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. सकाळी लोकल, दिवसभर टेबल, फायली, साहेबांच्या सह्या, आणि ऑफिस सुटल्यावर हस्तलिखितं. आज आम्हा प्राध्यापकांना संशोधनासाठी रजा मिळते, अनुदान मिळतं, बढतीत गुण मिळतात. त्यांना यातलं काही नव्हतं. पोथी कुणाच्या घरात आहे, ती बघायला कोण देईल, किती दिवस देईल, हे सगळं स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या पैशाने.

या कामाला पाठचिकित्सा म्हणतात. त्या वेळी पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चालू होतं. सुखठणकरांचं आदिपर्व १९३३ साली पूर्ण झालं होतं. संस्कृतसाठी ही शिस्त लागू झाली होती. पण मराठी कवी? मराठी कवींच्या बाबतीत जे छापलं गेलं तेच खरं, असं चाललेलं. शालेय पुस्तकांसाठी निवडे करणाऱ्या पंडितांनी जुन्या कवितेतले त्यांना खटकणारे शब्द बिनदिक्कत दुरुस्त केलेले, आणि तीच दुरुस्त कविता पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाठ केलेली. प्रियोळकरांनी मराठीत ही शिस्त आणली. मिळतील तितकी हस्तलिखितं जमवायची. प्रत्येकाचं वर्णन करायचं: कुठे मिळालं, कागद कसा, अक्षर कसं, लेखकाने शेवटी शक लिहिलाय का. प्रत्येकाला खुणेचं अक्षर द्यायचं. कुठल्या प्रतीत कुठल्या चुका सारख्या आहेत हे पाहून त्यांची कुळं लावायची. मग एकेक ओळ घेऊन कुठला पाठ मूळचा असेल ते ठरवायचं, आणि जे पाठ आपण नाकारले ते सगळे त्याच पानाच्या तळाला छापायचे. या शेवटच्या गोष्टीवर माझा फार जीव आहे. आपला निर्णय वर द्यायचा आणि ज्यावरून तो उलटवता येईल असा सगळा पुरावा त्याच पानावर वाचकाच्या हातात ठेवायचा.

वर्गात हे नुसतं सांगून कळत नाही. मी तीन वह्या दाखवते.

आमच्या वाड्यावर गोकुळाष्टमीला एक पाळणा म्हणतात. कुणाचा, माहीत नाही; नाममुद्रा नाही. एक वही आमच्याच घरातली, माझ्या आजेसासूबाईंची. कुण्या दुकानदाराच्या हिशेबवहीतली उरलेली कोरी पानं शिवून केलेली, मागच्या बाजूला नारळाचे आणि तांदळाचे भाव. शाई फिकट तपकिरी झालेली. त्यात ध्रुपदाची ओळ आहे: 'हालवी गोपी बाळ वेल्हाळ'. दुसरी वही शेजारच्या वाड्यावरची, रेघांच्या कागदाची, निळ्या शाईची. तिथे लिहिलंय: 'हालवी गोपी बाळ वेळकाळ'. तिसरी वही बॉलपेनने लिहिलेली, आमच्या भजनी मेळाची, तीच झेरॉक्स होऊन सगळ्यांकडे गेलेली. त्यात 'हालवी गोपी बाळ गोपाळ'. आणि म्हणतात सगळे हेच.

मी मुलांना विचारते, यातलं मूळ कुठलं? जवळजवळ सगळे 'गोपाळ' म्हणतात. अर्थ लागतो, कानाला गोड लागतं. मग मी विचारते, मूळ 'गोपाळ' असतं तर कुणी ते बदलून 'वेळकाळ' कशाला केलं असतं? तिथे वर्ग गप्प होतो. 'वेळकाळ'ला त्या ओळीत काही अर्थच नाही. कुणी ते मुद्दाम लिहिणार नाही. म्हणजे ते चुकून आलंय. कशावरून चुकेल? मग मी आजेसासूबाईंच्या वहीतलं ते पान भिंगाखाली धरते. 'ल्हा' हे जोडाक्षर. शाई पसरलेली, ल चा पाय हरवलेला. ज्याला 'वेल्हाळ', म्हणजे सुंदर, हा शब्दच माहीत नाही, त्याला तिथे ओळखीचं काहीतरी दिसणार, आणि त्याला दिसलं 'वेळकाळ'. त्याने प्रामाणिकपणे तेच उतरवलं. त्याच्यानंतरचा लिहिणारा हुशार. त्याला कळलं की इथे काहीतरी बिघडलंय. त्याने यमक सांभाळून 'गोपाळ' घातलं. तीन वह्या, तीन पायऱ्या. अवघड शब्द जुना असतो, सोपा मागाहून आलेला असतो, हा नियम पुस्तकात एका ओळीत असतो. त्या पानावर तो मुलांना डोळ्यांनी दिसतो.

मेळातल्या एका वयस्क काकांना मी हे सांगितलं. त्यांना थोडं लागलं. 'आमी अशेंच म्हणटात,' म्हणाले, 'म्हज्या बापायनूय अशेंच म्हणलां.' त्यांचंही खरंच आहे. ते 'गोपाळ' म्हणतात, त्यांच्या वडिलांनी 'गोपाळ' म्हटलं, त्या सुरात पन्नास वर्षांची गोकुळाष्टमी आहे. मी त्यांना सांगितलं, काका, तुम्ही म्हणता ते बदलू नका. फक्त ती मधली निळ्या शाईची वही कुणी टाकून देऊ नका. ती चुकीची वही नसती तर जुना शब्द कदाचित मिळाला असता, पण तो गेला कसा हे कळलं नसतं.

प्रियोळकरांनी हेच काम पुढे मुक्तेश्वर या जुन्या कवीच्या मराठी आदिपर्वावर केलं. १९५१ ते १९५९ या काळात त्याचे चार भाग निघाले. त्या आधी १९४८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने मराठी संशोधन मंडळ काढलं आणि त्याचं संचालकपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा कुठे संशोधन हीच त्यांची नोकरी झाली. वय पन्नाशी ओलांडलेलं. १९५१ साली कारवारच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. कादंबरीकार नाही, कवी नाही, नाटककार नाही. हस्तलिखितं वाचणाऱ्या माणसाला मराठीने हा मान दिला, ही गोष्ट आजच्या संमेलनांकडे पाहताना मला फार मोठी वाटते.

दादोबा पांडुरंगांचं आत्मचरित्र त्यांनी संपादित केलं, मांद्र्याच्या भाऊ दाजी लाडांचं चरित्र त्यांनी उतारवयात, १९७१ मध्ये प्रसिद्ध केलं. या दोन्हींवर वेगळं लिहायला हवं, इथे नाही. मला ओढ आहे ती छापखान्याची.

६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याच्या बंदरात एक छापखाना उतरला. तो निघाला होता अबिसिनियाला, जेझुइट या ख्रिस्ती संघटनेच्या पाद्र्यांच्या सोबत. पुढचा प्रवास झाला नाही आणि तो इथेच राहिला. जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात तो लावला गेला. भारतातली छपाई तिथून सुरू झाली. त्या कॉलेजची आज एक कमान तेवढी उभी आहे, रस्त्याच्या कडेला. पर्यटकांच्या बसगाड्या तिच्यासमोरून न थांबता जातात. पुढे सासष्टीत रायतूरला छपाई होऊ लागली. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण १६१६ साली तिथेच छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, पण रोमी लिपीत. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राहिली ती माणसांनी हाताने उतरवून घेतलेली हस्तलिखितं.

रोमी लिपीत का? स्टीफन्सना देवनागरी नको होती असं नाही. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून या देशाच्या अक्षरांत छपाई करण्याची परवानगी मागितली. अडचण अशी की अक्षरांचे साचे सहाशेच्या घरात जात होते. स्टीफन्सचं म्हणणं होतं की ते दोनशेवर आणता येतील. मी हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बाराखडी, जोडाक्षरं, रफार मोजत बसले होते. दोनशेवर कसे आणले असतील? मात्रा, वेलांट्या सुट्या करून? जोडाक्षरं अर्ध्या अक्षरांनी भागवून? एक परदेशी पाद्री चारशे वर्षांपूर्वी रायतूरच्या परिसरात आपल्या लिपीची अशी मोडतोड आणि जुळणी मनात करत होता, हे मला विलक्षण वाटतं. ते साचे काही पडले नाहीत. मराठी आपल्या लिपीत छापली गेली ती १८०५ साली, बंगालमध्ये, श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यात. ज्या गोव्यात देशातला पहिला छापखाना आला, त्या गोव्यात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाई बंद पडली ती थेट १८२१ पर्यंत. मधल्या काळात, १६८४ साली, इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं, असा हुकूमही निघाला.

ही सगळी साखळी एका जागी आणून ठेवली प्रियोळकरांनी. 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक मराठी संशोधन मंडळाने १९५८ साली काढलं, छपाईच्या चारशे वर्षांच्या निमित्ताने. कुन्य रिव्हार या पोर्तुगीज विद्वानाने १८५८ साली कोंकणी भाषेवर लिहिलेला ऐतिहासिक निबंधही त्यात इंग्रजीत दिला आहे. आणि हे पुस्तक निघालं तेव्हा परिस्थिती काय? १९५५ पासून भारत आणि गोवा यांच्यातली सीमा बंद. ज्या कमानीबद्दल, ज्या रायतूरबद्दल तो गोमंतकीय माणूस मुंबईत बसून लिहीत होता, तिथे मनात आलं आणि गाडीत बसून गेलो असं होणार नव्हतं. आज मी बोरीचा पूल ओलांडून तासाभरात रायतूरला पोचते. सेमिनरीच्या आवारात उभी राहिले की जुवारीच्या अलीकडचं-पलीकडचं, देवांचं आणि पुस्तकांचं, सगळं एकाच नजरेत येतं. हे मला सहज मिळालंय, याची जाणीव मी ठेवते.

आता इन्क्विझिशन. 'द गोवा इन्क्विझिशन' हे पुस्तक १९६१ चं, म्हणजे ज्या वर्षाच्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला त्याच वर्षाचं. गोव्यात इन्क्विझिशन आली १५६० मध्ये, कायमची बंद झाली १८१२ मध्ये. तिच्या दप्तराचा बहुतेक भाग नष्ट झाला. म्हणजे इथेही मूळ प्रत हरवलेली, आणि साक्षी इतस्ततः पसरलेल्या: पोर्तुगीज हुकूमनामे, पत्रव्यवहार, प्रवाशांच्या नोंदी. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य दमणला पकडला गेला आणि गोव्याच्या तुरुंगात होता. त्याने आपली हकीकत १६८७ साली प्रसिद्ध केली, ती प्रियोळकरांनी पुस्तकात घेतली आहे. पुस्तक अंगावर येतं. लग्नात कुठली गाणी म्हणायची नाहीत, अंगणात तुळस ठेवायची नाही, असल्या मनाया वाचताना राग येतो, आणि तो आलाच पाहिजे.

पण हे पुस्तक ज्यांच्या मोबाइलवर फिरतं त्यांना मला दुसरं एक पुस्तक दाखवायचं असतं. सांतु आंतोनीची जीवित्वकथा. आंतोनिउ द साल्दान्य या जेझुइट पाद्र्याने लिहिलेली, १६५५ ची. ती शोधून, संपादून, छापून वाचकांपुढे कुणी आणली? याच प्रियोळकरांनी. ज्या संघटनेच्या पाद्र्यांनी आपल्या पूर्वजांची देवळं पाडायला हातभार लावला, त्याच संघटनेच्या पाद्र्यांनी लिहिलेल्या पानांवर हा माणूस वर्षानुवर्षं डोळे शिणवत बसला. त्यांच्या ओव्यांची मोजमापं घेतली, त्यांच्या रोमी स्पेलिंगमधून त्या काळचे उच्चार शोधले. स्टीफन्सच्या मराठीचं त्यांना मनापासून अप्रूप होतं. फ्रेंच पाद्री एतिएन द ला क्रुआचं पीटरपुराण तर हिंदू देवदेवतांवर सडकून टीका करतं. संशोधकाच्या मेजावर त्यालाही जागा आहे.

ही दोन कामं एकाच माणसाने करावीत हे पुष्कळांना झेपत नाही. मला वाटतं, पाठचिकित्सा करणाऱ्यालाच हे जमतं. त्याला प्रतीचा राग येऊन चालत नाही. जी प्रत मूळ मजकूर बिघडवते तीही तो जपून ठेवतो, तिचं वर्णन लिहितो, तिला खुणेचं अक्षर देतो. प्रियोळकरांनी गोव्याचा इतिहासही तसाच वाचला. जाळणाऱ्यांनी काय जाळलं हे त्यांनी सांगितलं, आणि त्यांनीच काय लिहून ठेवलं हेही सांगितलं. एक सांगून दुसरं लपवलं नाही. आज गोव्यात कुणी फक्त पहिलं सांगतो, कुणी फक्त दुसरं. ख्रिस्तपुराणावर व्याख्यान ठेवलं तर आमचेच काही लोक तोंड फिरवतात, आणि इन्क्विझिशनवर बोललं तर काही ख्रिस्ती मित्र गप्प होतात. माझ्या वर्गात दोन्ही घरांतली मुलं शेजारी बसलेली असतात, आणि म्हणून मी दोन्ही पुस्तकं एकाच तासाला वर्गात नेते.

राहिला भाषेचा वाद. तो टाळून पुढे जाणं बरं नव्हे. १९६६ मध्ये प्रियोळकरांचं 'ग्रांथिक मराठी भाषा आणि कोंकणी बोली' निघालं. शीर्षकातच त्यांचं मत आहे. कोंकणी ही बोली, मराठी ही तिची ग्रंथभाषा. लगेच पुढच्या जानेवारीत जनमत कौल होता; गोवा महाराष्ट्रात जायचा की नाही हे ठरायचं होतं, आणि भाषेचं प्रत्येक वाक्य तेव्हा राजकारणाचं वाक्य होतं. प्रियोळकर १३ एप्रिल १९७३ ला गेले. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली.

माझं मत प्रियोळकरांसारखं नाही. मी घरात कोंकणी बोलते, माझ्या आईने मला ज्या भाषेत रागावलं आणि ज्या भाषेत जोजवलं ती मला कशाचीही बोली वाटत नाही. सु. मं. कत्र्यांनी १९४२ मध्ये कोंकणीच्या घडणीवर जे काम केलं ते मला अधिक पटतं. दिवचलच्या (डिचोलीच्या) शणै गोंयबाब या कोंकणी लेखकांनीही मुंबईतच बसून, नोकरी सांभाळूनच कोंकणीची बाजू मांडली, आणि त्यांच्या लिहिण्यातली कळकळ मला आजही हलवते. एकाच मुंबईत अंत्रूजचा एक आणि दिवचलचा एक, दोन गोमंतकीय, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर एकाच भाषेबद्दल परस्परविरोधी लिहीत होते. दोघांनाही गोव्याच्या भाषेची तितकीच तळमळ होती, असं मी मानते.

आणि तरी मी कोंकणीच्या बाजूने बोलताना ज्या पुराव्यांचा आधार घेते त्यांतले कितीतरी प्रियोळकरांनीच उजेडात आणलेले किंवा एकत्र केलेले आहेत. स्टीफन्सचं कोंकणी व्याकरण, १६४० साली रायतूरला छापलेलं. पाद्र्यांनी या भाषेला दिलेली निरनिराळी नावं. कुन्य रिव्हारचा निबंध, जो मुळात कोंकणीच्या कैवाराने लिहिलेला आहे आणि जो प्रियोळकरांनी स्वतःच्या पुस्तकात पूर्ण छापला. आपल्या मताला अडचणीचा कागद त्यांनी खिशात घातला नाही. नाकारलेले पाठ पानाच्या तळाला देण्याची सवय इथेही सुटली नाही. त्यांच्याशी माझा मतभेद आहे, आणि तो मला नीट मांडता येतो तो त्यांच्यामुळे.

आमच्याकडे वह्या अजून आहेत. अंत्रूजात, सत्तरीत, काणकोणात, घराघरांतल्या फडताळांत, देवखोलीतल्या पेटीत, रुमालात बांधलेल्या. पावसाळ्यात बुरशी धरते, वाळवी लागते, घर नव्याने बांधताना पेटीसकट टाकून दिलं जातं. मी विद्यार्थ्यांना चवथीच्या सुटीत एवढंच काम देते: घरी किंवा वाड्यावर आरत्यांची, भजनांची, किंवा जागर, रणमाले या इथल्या लोकनाट्यांची जुनी वही असेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढा, मागच्या कोऱ्या पानाचाही. वही कुणाच्या हातची, कुठल्या घरातली, कुणाकडून आली ते घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारून लिहून घ्या. पुसट अक्षर पेनने गिरवू नका. फाटलेलं पान सेलोटेपने चिकटवू नका. लॅमिनेट तर अजिबात करू नका. आणि काही खोडलेलं असेल तर खोडाखोडीचा फोटो जवळून घ्या, तिथेच बहुतेक वेळा काहीतरी सापडतं.

गेल्या वर्षी एका मुलीने घुमट आरतीच्या वहीचे फोटो आणले. तिच्यात एका आरतीची दोन कडवी कुणीतरी आडवी रेघ मारून रद्द केली होती आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हें म्हणूं नये, भटजी रागावतात'. वर्गात या एका ओळीवर पूर्ण तास गेला. भटजी कशाला रागावत असतील? कडव्यात असं काय होतं? वही कुठल्या काळातली? कागदावरून, शाईवरून, आतल्या हिशेबावरून काळ काढायला मुलं स्वतःच लागली. त्या मुलीने घरी जाऊन आजोबांना विचारलं, आजोबांनी त्यांच्या आत्याला फोन लावला. कारण अजून कळलेलं नाही. पण रद्द केलेली ती दोन कडवी आता आमच्याकडे उतरवून ठेवलेली आहेत, बाजूच्या त्या शेऱ्यासकट.

सावईवेऱ्याच्या एका घरात मुक्तेश्वराची म्हणून सांगतात ती एक पोथी आहे. पहिली पानं नाहीत, शेवटची पुष्पिका, म्हणजे लिहिणाऱ्याची समाप्तीची नोंद, आहे, पण शकाचा आकडा नेमका जिथे लिहिलाय तिथे कसर लागलेली. घरच्यांनी दिवाळीनंतर या म्हणून सांगितलंय. दोन विद्यार्थी माझ्याबरोबर येणार आहेत. भिंग, पट्टी, पेन्सिली आणि ग्रंथालयातून प्रियोळकरांच्या आदिपर्वाचे चारही भाग सोबत न्यायचे आहेत. आधी पोथीत कुठला अध्याय आहे ते ओळखायचं, मग ओळीला ओळ लावायला बसायचं.